दंडाचा पैसा कुठे जातो?

माणसाकडून काम करून घ्यायचे असेल तर एका हातात गूळ आणि दुसऱ्या हातात छडी हवी, हा समज फार जुना आहे. साम, दान, दंड, भेद ही चतुःसूत्री आपण राजकारणापुरती मानतो, पण तिच्यातील मधली दोन सूत्रे कारखान्यांत आणि कचेऱ्यांत रोज वापरली जातात. अंधेरीच्या सीप्झमध्ये, मालाडच्या काचेच्या इमारतींत, घाटकोपरच्या औद्योगिक गाळ्यांत आणि मुलुंडच्या उरल्यासुरल्या कारखान्यांत कामाची पद्धत निरनिराळी असली, तरी माणसे हलवण्याची पद्धत एकच आहे. गुळाला आता 'इन्सेंटिव्ह' म्हणतात आणि छडीला 'टार्गेट'. माणसाला कामाला प्रवृत्त करण्याचा हाच एकमेव मार्ग आहे, अशी आपल्या व्यवस्थापकवर्गाची जणू श्रद्धाच झाली आहे.

एके काळी माझीही तीच श्रद्धा होती. ती कशी ढळली, हे आधी सांगितले पाहिजे.

मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका अभियांत्रिकी कारखान्यात, कामगार खात्यात, मी उमेदीची वर्षे काढली. लगीनसराईत आणि पेरणीच्या दिवसांत तिथली हजेरी रोडावत असे. वरिष्ठांनी उपाय विचारला तेव्हा मी 'पूर्ण हजेरी भत्ता' सुचवला. महिन्यात एकही खाडा न करणाऱ्याला ठरावीक रक्कम मिळेल आणि एक खाडा झाला तरी सगळी रक्कम बुडेल, असा साधा नियम होता. सूचनाफलकावरचा कागद माझ्याच हस्ताक्षरातला होता. पहिले दोन महिने हजेरी सुधारली आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस रात्रपाळीत ड्रिलिंग मशीनवरच्या एका कामगाराची दोन बोटे गेली. दोन दिवस तो तापाने फणफणलेला होता. महिना संपायला दोनच दिवस उरले होते आणि भत्ता बुडू नये म्हणून तो तसाच कामावर आला होता. इस्पितळात मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा त्याने विचारले, "साहेब, ही रजा आता खाड्यात धरणार का?"

नियम मीच लिहिला होता आणि नियमाप्रमाणे उत्तर 'होय' असेच होते. पुढे तो नियम बदलला. त्या माणसाची बोटे मात्र परत आली नाहीत.

तो भत्ता म्हणजे बक्षीस होते, शिक्षा नव्हती. पण जे बक्षीस बुडण्याची धास्ती महिनाभर मानेवर बसते, ते शिक्षेहून निराळे कसे मानायचे? तेव्हापासून बक्षीस आणि दंड यांकडे पाहताना त्यांचा परिणाम किती झाला एवढेच मी पाहत नाही. ते कोणी ठरवले, कोणाला विचारून ठरवले आणि त्यातला पैसा अखेर कुठे गेला, हेही पाहतो.

गिरणगावाचा धडा

हे प्रश्न मुंबईला नवे नाहीत. या शहरातील कामगार चळवळीचा आरंभच मुळी अशा प्रश्नांतून झाला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, तेव्हाच्या मागण्या आज वाचल्या तर मन विषण्ण होते. आठवड्याची सुट्टी द्यावी, दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी, झालेल्या कामाचा पगार वेळेवर द्यावा, एवढेच ते मागत होते. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. गिरण्यांत दंडाचा सुळसुळाट पुढेही अनेक वर्षे राहिला. उशीर झाला तर दंड, सूत तुटले तर दंड. कापडात खोट निघाली तर ते कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेत. दोष हलक्या कापसाचा, जुन्या मागाचा की माणसाचा, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. परक्या सरकारने केलेला हा कायदा असला, तरी त्यातील दंडाचे कलम आजही प्रत्येक व्यवस्थापकाने वाचावे असे आहे. कोणत्या चुकीला दंड होईल ते आधी मंजूर करून घेऊन फलकावर लावले पाहिजे. दंड करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. दंडाची रक्कम रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असता कामा नये. पुढे ही मर्यादा वेतनाच्या तीन टक्के झाली. प्रत्येक दंडाची नोंद वहीत झाली पाहिजे. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, जमा झालेला दंड मालकाच्या खिशात जाणार नाही, तो कामगारांच्याच हिताच्या कामी खर्च होईल. २०१९ च्या वेतन संहितेतही हीच तत्त्वे कायम आहेत.

या शेवटच्या अटीमागे फार शहाणपण आहे. ज्याला दंडातून नफा होतो, त्याला कामगाराची चूक हवीहवीशी वाटू लागते. दंड करणाऱ्याचा त्यात काडीचाही लाभ नसेल, तरच त्या दंडाला शिस्तीचे रूप येते. अन्यथा ती केवळ वेतनकपात असते.

बक्षिसाचीही अशीच कथा आहे. पहिल्या महायुद्धातील महागाई पाहून १९१७ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारावर दहा टक्के बोनस दिला. पुढे काही वर्षे तो मिळत राहिला आणि कामगारांच्या संसाराचा हिशेब त्यावर बसला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा १९२४ च्या आरंभी मुंबईच्या गिरण्या संपाने थंडावल्या. न्यायमूर्ती मॅक्लाउड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, असा निर्वाळा दिला. मालक ज्याला मेहेरबानी म्हणत होते, त्याला कामगार घामाचे दाम म्हणत होते. हा वाद पुढे चाळीस वर्षे चालला आणि १९६५ च्या बोनस कायद्याने तो बराचसा मिटवला. पुढे किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के, अशी चौकट ठरली. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी बोनस म्हणजे विलंबाने दिलेले वेतन, अशी भूमिका सातत्याने मांडली. जोवर पुरेसे वेतन मिळत नाही, तोवर बोनसला बक्षीस म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. ज्याचे पोट भरलेले नाही, त्याच्यापुढे बक्षीस टांगणे ही प्रेरणा नसून अगतिकतेचा वापर आहे.

दुप्पट वसुलीचा धोका

कौटिल्याला दंडनीतीचा आचार्य म्हणून सारेच ओळखतात. परंतु अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांच्या परीक्षेविषयी त्याने जे लिहिले आहे, ते फारसे सांगितले जात नाही. महसूल घटवणारा अधिकारी राजाचे धन खातो, हे तो सांगतोच. पण नेमलेल्या महसुलाच्या दुप्पट वसुली करून आणणारा अधिकारी जनपदच खाऊन टाकतो, असेही त्याने बजावले आहे. आजचा व्यवस्थापक अशा अधिकाऱ्याला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देईल. कौटिल्य मात्र त्याची चौकशी लावील, कारण आकडा वाढला म्हणून तो हर्षभरित होत नाही. तो आकडा कोणाच्या ताटातून आला, हे त्याला आधी पाहायचे असते.

या इशाऱ्याचा प्रत्यय २०१६ साली अमेरिकेत आला. वेल्स फार्गो या बड्या बँकेने कर्मचाऱ्यांपुढे नव्या खात्यांची अवाजवी उद्दिष्टे ठेवली होती. उद्दिष्ट गाठणाऱ्याला बक्षीस आणि न गाठणाऱ्याच्या नोकरीवर टांगती तलवार, असा तो कारभार होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे सुमारे वीस लाख खाती उघडली असावीत, असे उघडकीस आले. बँकेला साडेअठरा कोटी डॉलर भरावे लागले आणि पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याचे जाहीर झाले. ती सारी माणसे जन्मजात लबाड होती काय? रोज सकाळी आकडा मागितला जात होता आणि त्यांनी आकडा दिला. आपल्याकडेही मुदतठेव ठेवायला गेलेल्या आजोबांच्या हाती विम्याची पॉलिसी पडते, तेव्हा खिडकीपलीकडच्या तरुणाच्या मागे असेच एखादे उद्दिष्ट उभे असते.

मोठ्या बक्षिसाने काम सुधारतेच असेही नाही. डॅन एरिअली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशातील ग्रामीण भागात एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. कौशल्याचे आणि स्मरणशक्तीचे खेळ खेळायला देऊन काहींना अल्प, काहींना मध्यम, तर काहींना कित्येक महिन्यांच्या खर्चाइतके बक्षीस देऊ केले. सर्वांत मोठे बक्षीस ज्यांच्यापुढे होते, त्यांचीच कामगिरी सर्वांत वाईट झाली. रक्कम इतकी मोठी होती की लक्ष हातातल्या कामावरून उडून तिच्यावर खिळले. दंडाविषयीचा इस्रायलमधील प्रयोगही असाच बोलका आहे. पाळणाघरातून मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड सुरू केला, तर उशीर करणारे कमी होण्याऐवजी वाढले. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवताना मनाला टोचणी लागत असे. दंड आल्यावर पालकांना वाटले, उशिराची किंमत ठरली आहे, ती मोजली की झाले. पुढे दंड रद्द झाला, तरी ती टोचणी परतली नाही. कर्तव्याला एकदा भाव ठरला की त्याचे पुन्हा कर्तव्य होणे कठीण असते.

पांढऱ्या टोपीची शिस्त

मग पर्याय काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. सकाळी दहाच्या सुमारास बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकाबाहेर उभे राहावे. सायकलींवरून आणि डोक्यावरच्या लाकडी पाट्यांतून डबे येतात, खुणांप्रमाणे त्यांची वाटणी होते आणि ते लोकलच्या मालडब्यात चढतात. जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येक डबा आपल्या टेबलाशी पोहोचतो. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी रुजवलेली ही व्यवस्था मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागांतील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये तिच्यावर अभ्यासप्रकरण सिद्ध केले. अचूकतेच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. या माणसांना कामाला कोण आणि कसे लावते, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

इथे प्रत्येक डब्यामागे बक्षीस नाही आणि 'महिन्याचा सर्वोत्तम डबेवाला' अशी तसबीरही कुठे लागत नाही. साधारण वीस-पंचवीस जणांचा एक गट असतो आणि त्यावर त्यांच्यातलाच अनुभवी मुकादम असतो. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतून रेल्वेचा पास, हातगाडी, संस्थेची वर्गणी असा खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम गटात सारखी वाटली जाते. नवा माणूस येतो तो नोकर म्हणून राहत नाही, भागीदार होतो. दिवाळीला गिऱ्हाईक एक महिन्याची जादा रक्कम देते, तेवढाच काय तो बोनस.

या समान वाटणीमागे व्यवहाराचा रोकडा विचार आहे. एक डबा घरापासून कचेरीपर्यंत तीन-चार हातांतून जातो. अंधेरीच्या माणसाला डब्यामागे बक्षीस लावले, तर तो आवाक्याबाहेरची घरे घेईल, त्याची ठरलेली गाडी चुकेल आणि चर्चगेटला त्याच्या डब्यांची वाट पाहणाऱ्याचा सारा दिवस बिघडेल. जिथे यश साखळीचे असते, तिथे एका कडीला सोन्याचा मुलामा देऊन साखळी बळकट होत नाही. शिवाय प्रत्येक गटात काही माणसे जादा ठेवलेली असतात. एखाद्याला ताप आला, तर त्याच्या वाटेवर दुसरा जातो. मुलुंडच्या त्या कारखान्यात मी हजेरीसाठी भत्ता लावला होता. या माणसांनी भत्त्याऐवजी आधार उभा केला. अधिक शिकलेला मी होतो, पण शहाणपण त्यांच्याकडे होते.

इथे दंड नाही असे मात्र कोणी समजू नये. तो आहे, आणि कडक आहे. कामावर असताना मद्यपान, गिऱ्हाइकाशी उद्धट वर्तन, न सांगता दांडी, इतकेच काय, डोक्यावर टोपी नसणे, यांनाही दंड होतो. तरीही त्याविरुद्ध कधी मोर्चा निघत नाही, कारण नियम त्यांचे त्यांनीच केलेले आहेत. दंड करणारा मुकादम कोणा अज्ञात मालकाचा हस्तक नसून स्वतः डबे उचललेला माणूस असतो. दंड होणाऱ्याला त्याच्यासमोर उभे राहून आपले म्हणणे सांगता येते. त्या दंडातून कोणा परक्याला नफा होत नाही. १९३६ च्या कायद्याने मालकांवर लादलेली तत्त्वे या माणसांनी स्वतःहून आचरणात आणली.

हीच गोष्ट लिज्जतच्या भगिनींची. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतील जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. लाटलेल्या पापडाप्रमाणे मजुरी मिळते, म्हणजे कष्टाला मोल आहे. पापड जाड-पातळ झाला तर तो परतही येतो, म्हणजे चुकीला माफी नाही. पण लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते. परत आलेला पापड तिला अपमान वाटत नाही, आपल्याच मालाची राखलेली पत वाटते. ठेंगडी ज्याला उद्योगांचे श्रमिकीकरण म्हणत, त्याचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

चेहरा नसलेला मुकादम

आता त्याच स्थानकाबाहेर थोडे पलीकडे पाहावे. दुचाकीवर पाठीला चौकोनी पिशवी लावलेला एक तरुण मोबाइलकडे टक लावून बसलेला असतो. तोही जेवणच पोहोचवतो. त्याला 'पार्टनर' म्हणतात. भागीदारीतले मात्र त्याच्याकडे काहीच नसते. अमुक तासांत तमुक खेपा केल्या तर इन्सेंटिव्ह, एक खेप कमी पडली तर ते बुडाले. माझ्या हजेरी भत्त्याचाच हा नवा अवतार. गिऱ्हाइकाने गुणांकन कमी दिले, पत्ता चुकीचा निघाला, पावसात साकीनाक्याला तासभर अडकून पडावे लागले, तर कारण कोणाला सांगायचे? दंड करणाऱ्याला चेहरा नाही. क्वचित एके सकाळी त्याचे खातेच बंद झालेले असते. कायद्याच्या व्याख्येत तो कर्मचारी नसल्याने तीन टक्क्यांची मर्यादा, बाजू मांडण्याची संधी, दंडाची वही यांपैकी काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० साली अशा कामगारांची प्रथमच दखल घेतली, हे स्वागतार्हच आहे. पण सुरक्षा निधी ही एक गोष्ट आणि दंडाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क ही दुसरी. नव्वद वर्षांपूर्वी गिरणी कामगाराला जे मिळाले, ते आजच्या तरुणाला नाकारणे ही प्रगती म्हणता येईल काय?

दुर्दैव असे की, डबेवाल्यांच्या व्यवस्थेलाच ओहोटी लागली आहे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि डबेही थांबले. कोविडपूर्वी सुमारे पाच हजार माणसे हे काम करीत. त्यांतील अनेक जण गावी परतले, काहींनी मिळेल ती नोकरी धरली आणि पूर्वीची संख्या पुन्हा गाठली गेली नाही. डबेवाल्यांचा मुलगा आज त्या दुचाकीवरही दिसू शकतो. बाप भागीदार होता आणि मुलगा नुसता नावाचा 'पार्टनर' आहे, हे एका पिढीत घडलेले स्थित्यंतर आपल्याला अस्वस्थ करणारे वाटले पाहिजे.

याचा अर्थ दंड आणि बक्षीस सर्वस्वी त्याज्य आहेत, असा नव्हे. ज्या कचेरीत कामचुकाराला कोणी काही म्हणत नाही, तिथे प्रामाणिक माणूस खचतो, हे सरकारी खात्यांत आपण पाहिले आहे. सुरक्षेचे नियम मोडणाऱ्याला, पैसे खाणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. चांगल्या कामाचे कौतुकही मनःपूर्वक आणि वेळेवर झाले पाहिजे. पण दंड आणि बक्षीस यांचे स्थान स्वयंपाकातल्या मिठासारखे आहे. त्याने जेवणाला चव येते, पोट मात्र मिठाने भरत नाही. पुरेसे वेतन, कामातली प्रतिष्ठा आणि आपलेपणाचा वाटा हे खरे अन्न होय.

म्हणून उपनगरांतील लहान-मोठ्या उद्योजकांना, आपल्याच समाजातील बांधव समजून, काही सुचवावेसे वाटते. बक्षिसाची किंवा दंडाची नवी योजना फलकावर लावण्यापूर्वी ज्यांना ती लागू होणार त्यांच्यातल्या चार जणांना बोलावून वाचून दाखवावी. आजारपण, घरचे मरण, बंद पडलेली लोकल यांसाठी नियमात जागा ठेवावी. दंडाची रक्कम वेगळ्या वहीत आणि वेगळ्या खात्यात ठेवून कामगारांच्याच औषधपाण्याला लावावी. कामात साखळी असेल, तर बक्षीस साऱ्या गटाला द्यावे. याला मोठा खर्च येत नाही. थोडा अहंकार मात्र सोडावा लागतो.

माझ्यापुरते सांगायचे तर, त्या इस्पितळातील प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नव्हते. 'ही रजा खाड्यात धरणार का?' असे आपल्या माणसाला विचारावे लागणार नाही, असा नियम लिहिता येतो. मात्र त्यासाठी तो लिहायला बसताना समोर त्या माणसालाही बसवावे लागते.